शिल्प कुठून आले?

लखनौच्या छावणीत दिलकुशा कोठीचे भग्न अवशेष उभे आहेत. नवाब सआदत अली खानाच्या काळात, १८०० च्या आसपास, गोर औसली या इंग्रज अधिकाऱ्याने ही शिकारीची कोठी उभारली. नमुना म्हणून त्याने इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यातली सीटन डेलावल हॉल ही हवेली डोळ्यांसमोर ठेवली होती. नाव फारसी, घडण युरोपीय बरोक शैलीची, विटा लखनवी, धनी अवधचा नवाब. १८५७ च्या लढाईत कोठीची वाताहत झाली. इंग्रजांचा सेनापती हेन्री हॅवलॉक त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला इथेच आमांशाने मेला. आज तिथे छप्पर नसलेल्या भिंती, मनोरे आणि नीट राखलेली बाग आहे. संध्याकाळी फौजी वसाहतीतली माणसे इथे फिरायला येतात.

ही इमारत कुठली, असा प्रश्न कलेतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारला तर तो अडचणीत येतो. लखनौची म्हणावे तर आराखडा इंग्लंडचा, इंग्लंडची म्हणावे तर कारागीर आणि चुना-विटा इथल्या. प्रश्न साधा दिसतो, पण प्राचीन संस्कृतींच्या कलेचा महाविद्यालयीन अभ्यास त्याच्याभोवतीच फिरतो. गंमत अशी, की अभ्यासक्रमात मात्र हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तिथे पहिला प्रश्न असतो तो काळाचा.

भारतातल्या बहुतेक विद्यापीठांत या विषयाची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते. सिंधू संस्कृतीचे शिक्के आणि नर्तिका, मौर्यांचे झिलईदार स्तंभ, सांची-भारहुत, मग कुषाणकालीन मथुरा आणि गांधार, गुप्तकाळ, अजिंठा-वेरूळ. जोडीला मिसर, मेसोपोटेमिया, ग्रीस आणि रोम. वर्गात अंधार करून पडद्यावर चित्रे दाखवली जातात आणि मुले वहीत शतक, राजवंश, शैली आणि दगड लिहून घेतात. परीक्षेत एक छायाचित्र येते आणि खाली लिहिलेले असते ‘ओळखा’. नाव आणि शतक बरोबर आले की गुण मिळाले. या पद्धतीत सगळी शिल्पे एकाच आकाराची होतात, कारण पडदा एकच असतो. वीतभर हस्तिदंती बाहुली आणि पुरुषभर उंचीचा यक्ष शेजारी शेजारी, सारख्याच उंचीचे दिसतात. मागची बाजू तर कोणाची दिसतच नाही.

लखनौमध्ये शिकणाऱ्यांची सोय याहून बरी आहे. छावणीतून शहराकडे निघाले, की हजरतगंजच्या अलीकडे बनारसी बाग लागते. प्राणिसंग्रहालय तिथेच आहे आणि त्याच आवारात राज्य संग्रहालयही आहे. वाघ-सिंह पाहायला आलेली शाळकरी पोरे ‘ममी’ पाहायला म्हणून या इमारतीत शिरतात, आणि मिसरच्या त्या शवपेटीकडे जाता जाता दोन हजार वर्षांपूर्वीच्या जैन शिल्पांसमोरून पळत जातात. या संग्रहाची सुरुवात १८६३ मध्ये कर्नल ॲबट या आयुक्ताने छोटा छत्तर मंझिलमध्ये केली. पुढे तो नवाबांच्या राज्याभिषेकाच्या लाल बारादरीत गेला, आणि १९६३ पासून आजच्या जागी आहे. प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्व शिकवणारा विद्यापीठाचा विभाग गोमतीच्या पलीकडे, बादशाह बागेत आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकात ज्या मूर्तीचे टिकलीएवढे चित्र छापलेले असते, ती मूर्ती शहर-बसने जाऊन पाहता येते.

त्यातली एकच मूर्ती घेऊ. संग्रहालयात तिचा क्रमांक ‘जे. २४’ आहे. मथुरेच्या कंकाली टीला नावाच्या टेकाडातून आलेली ही सरस्वती आहे. डोके नाही. गुडघे वर घेऊन ती उकिडवी बसली आहे, उजवा हात वर उचललेला पण तुटका, डाव्या हातात पोथी. वीणा नाही, हंस नाही, मोर नाही. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढणाऱ्या मराठी मुलाला ती चटकन ओळखू येणार नाही. ओळख पटते ती पीठावरच्या ब्राह्मी लेखामुळे. त्यात देवीचे नाव आहे आणि वर्ष ५४, हेमंताचा चौथा महिना, दहावा दिवस अशी मितीही आहे. दान देणारा राजा नाही, श्रेष्ठीही नाही. सीहाचा मुलगा गोव नावाचा लोहार आहे. काळाचा उल्लेख असलेली ही सर्वांत जुनी ज्ञात सरस्वती मानली जाते, आणि ती एका लोहाराने जैन साधूच्या सांगण्यावरून करवून घेतली.

आता ‘५४’ म्हणजे कधी? आकडा कनिष्काच्या कालगणनेतला. ती गणना इ. स. ७८ पासून धरली तर मूर्ती १३२ सालची. पण हॅरी फाल्क या जर्मन विद्वानाने २००१ मध्ये स्फुजिध्वजाच्या ‘यवनजातक’ या ज्योतिषग्रंथातल्या एका उल्लेखावरून ही गणना १२७ पासून सुरू होते असे दाखवले, आणि आज बरेच अभ्यासक ते मान्य करतात. तसे असेल तर सरस्वती १८१ सालची. दगडावर वर्ष, महिना आणि दिवस कोरलेला असूनही जवळपास ५० वर्षांचा फरक पडतो. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, योहाना व्हान लोहाउझेन-द लेऊ या डच विदुषीने वेगळीच शंका काढली होती. मथुरेच्या काही लेखांत शंभराचा आकडा लिहायचा सोडून दिला असावा, असे तिचे म्हणणे. काही मूर्तींवर आकडा लहान, पण घडण मात्र बऱ्याच पुढच्या काळातली दिसते. मग आकड्यावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? हा वाद वर्गात नीट शिकवला, तर ‘इ. स. दुसरे शतक’ हे उत्तर पाठ करण्याची गोष्ट राहत नाही. ते शतक कोणी, कसे आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे विचारावेसे वाटते.

लेखात आणखी एक गोष्ट आहे. गोव लोहाराच्या गुरूचा गण, कुल आणि शाखा, म्हणजे जैन साधुसंघातले त्याचे पोटविभाग, त्यात नोंदलेली आहेत. गण कोट्टिय. अशी नावे कंकालीच्या कितीतरी लेखांत येतात. व्हिएन्नात बसून हे लेख वाचणाऱ्या गेओर्ग ब्यूलरच्या लक्षात आले, की हीच नावे जैनांच्या ‘कल्पसूत्र’ ग्रंथातल्या गुरुपरंपरेच्या यादीत आहेत. तोवर युरोपातले अनेक पंडित ती यादी उत्तरकालीन आणि भरवशाची नाही असे समजत होते. दगडांनी ती खरी ठरवली. हा ब्यूलर मुंबईला परका नव्हता. १८६३ मध्ये तो एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राच्य भाषांचा प्राध्यापक म्हणून आला होता आणि पुढची कित्येक वर्षे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता.

कंकालीची शिल्पे लखनौला आणणारा माणूसही मुंबईहूनच गेलेला. त्याचे नाव आलोइस आंतोन फ्यूरर. मूळचा जर्मन. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्याने संस्कृत शिकवले होते, आणि १८८३ मध्ये ‘वासिष्ठधर्मशास्त्रा’ची त्याने केलेली आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली. १८८५ मध्ये तो लखनौच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. १८८८ ते १८९१ या हंगामांत त्याने कंकाली टीला खणून काढला. एका हंगामात सातशेहून अधिक शिल्पे लखनौला रवाना झाली. आयागपट म्हणजे पूजेसाठी अर्पण केलेले कोरीव शिलापट, तोरणांचे तुकडे, कठड्यांचे स्तंभ, तीर्थंकरांच्या बैठ्या आणि उभ्या मूर्ती. एका पीठावरच्या लेखात त्या जागेच्या स्तूपाला ‘देवनिर्मित’ म्हटले आहे. हा लेख ब्यूलरने ७९ व्या वर्षाचा म्हणून वाचला आणि त्यावरून एक बिनतोड वाटणारा तर्क केला. स्तूप कोणी बांधला हे त्या काळीच लोक विसरले होते आणि श्रेय देवांना देऊन मोकळे झाले होते, म्हणजे स्तूप त्याहून कितीतरी जुना असला पाहिजे. पुढे हाइनरिख ल्युडर्स या जर्मन विद्वानाने तोच आकडा ४९ वाचला. तर्काचे बळ त्याने कमी होत नाही, पण आकडे किती निसरडे असतात ते कळते.

एवढे सगळे मिळवून फ्यूररने जे गमावले, ते आजही भरून निघालेले नाही. कोणते शिल्प स्तूपाच्या कोणत्या बाजूला होते, कोणते कोणाच्या वर होते, कोणत्या थरात कोणती नाणी किंवा खापरे होती, याची नीट नोंद त्याने ठेवली नाही. व्हिन्सेंट स्मिथने १९०१ मध्ये कंकालीवर पुस्तक काढले, तेव्हा त्याच्या हाती प्रामुख्याने चित्रांचे छापील पट होते. खणणाऱ्याचा मजकूर नव्हता. मूर्ती वाचल्या आणि त्यांची जागा हरवली. टेकाड एकदाच खणता येते.

मजकूर का नव्हता, ही गोष्ट अभ्यासक्रमात सहसा येत नाही. यायला हवी. १८९६ च्या डिसेंबरात नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला, तेव्हा फ्यूरर तिथे होता आणि त्याचे नाव जगभर झाले. त्यानंतर कपिलवस्तू शोधण्याच्या नादात त्याने खोटे पुरावे दाखवले. त्याहून वाईट म्हणजे ऊ मा नावाच्या ब्रह्मदेशातल्या भिक्षूला त्याने बुद्धाचे अवशेष म्हणून भलत्याच वस्तू पुरवल्या. त्यातला एक ‘दात’ घोड्याचा असावा, असे निघाले. भिक्षूने तक्रार केली, चौकशी झाली आणि १८९८ मध्ये फ्यूररला नोकरी सोडावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्यूलर कॉन्स्टन्स सरोवरात बुडून मेला. ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवून त्याने वर्षानुवर्षे लेख वाचले, त्याचे पितळ जाहीरपणे उघडे पडलेले पाहायला तो राहिला नाही.

धक्का तिथेच थांबला नाही. १९१२ मध्ये ल्युडर्सने लखनौच्या संग्रहालयातल्या ब्राह्मी लेखांवर एक निबंध लिहिला. फ्यूररने रामनगरला, म्हणजे बरेली जिल्ह्यातल्या प्राचीन अहिच्छत्रात, सापडले म्हणून जे लेख सांगितले होते, ते त्याने एकेक करून तपासले. पडताळता येण्यासारखे जे जे होते, ते ते खोटे निघाले. रामनगरच्या नावावर मांडलेला दगड प्रत्यक्षात मथुरेचा असू शकतो, हे त्यातून कळले. संग्रहालयातल्या पाटीवर ‘स्थळ’ असा एक रकाना असतो. तो कोणी भरला, हे विचारण्याची सवय लखनौच्या विद्यार्थ्याला इतर कोणाहीपेक्षा आधी लागायला हवी.

त्याच अहिच्छत्रात फ्यूररनंतर सुमारे ५० वर्षांनी पुन्हा खणती झाली. १९४० ते १९४४ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने ती केली. खात्याचे महासंचालक होते काशिनाथ नारायण दीक्षित, पंढरपूरला जन्मलेले. या वेळी थर मोजून खोदले गेले आणि मातीची भांडी थरांप्रमाणे वेगळी ठेवली गेली. तिथे सापडलेल्या मृण्मूर्तींचा अभ्यास वासुदेवशरण अग्रवाल यांनी केला. अग्रवाल लखनौ विद्यापीठाचे विद्यार्थी. आधी मथुरेच्या आणि मग लखनौच्या संग्रहालयाचे ते प्रमुख होते. त्यांचा निबंध पुरातत्त्व खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात १९४७-४८ च्या अंकात आला. डोक्यावरचा मोठा फेटा, कानातले जाड कुंडल, मग कुरळ्या केसांच्या बटा, मग डोळ्यांची नवी धाटणी, असे बदल त्यांनी थरांच्या क्रमाशी जोडून दाखवले. उत्तर भारतात कुठेही शेतात मातीची बाहुली सापडली तर तिच्या केशरचनेवरून काळाचा अंदाज बांधता येतो, त्यामागे असल्या कामाचा मोठा वाटा आहे. अहिच्छत्राच्या एकाच टेकाडातून अशी दोन उदाहरणे मिळतात, एक काय करू नये याचे आणि एक काय करावे याचे. पदवीच्या पहिल्या वर्षाला याहून चांगला पाठ कुठला असेल?

अर्थात ‘कुठून आले’ या प्रश्नाला नेहमी एकच उत्तर नसते. मथुरेच्या कारागिरांचा आवडता दगड म्हणजे सिक्री भागातला लाल वालुकाश्म, अंगावर पांढुरके ठिपके असलेला. डोळा तयार झाला की तो दालनाच्या दारातून ओळखू येतो. पण या दगडाच्या मूर्ती मथुरेपासून शेकडो किलोमीटरवर सापडतात. सारनाथला १९०४-०५ मध्ये मिळालेला प्रचंड बोधिसत्त्व कनिष्काच्या तिसऱ्या वर्षातला, भिक्षू बल याने दिलेला. त्याच बलाने दिलेली दुसरी मूर्ती श्रावस्तीला निघाली, ती आता कोलकात्यात आहे. दोन्ही मथुरेत घडल्या आणि तेवढा प्रवास करून गेल्या. सापडण्याची जागा आणि घडण्याची जागा वेगवेगळी. पडद्यावरच्या चित्रात दगडाचे ठिपके बहुधा विरून जातात, म्हणून ही गोष्ट संग्रहालयातच शिकावी लागते.

लखनौ लांब वाटत असेल त्या मराठी वाचकासाठी हाच धडा घरच्या अंगणात आहे, आणि तो अधिक देखणा आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचे नाव येते. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत आणि शेतात सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या. पावसाळ्यात माती वाहून गेली की खापरे, मणी, मृण्मूर्ती वर येत. त्यांच्या संग्रहात सुमारे १२ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. अंगभर दागिने, भारी कंबरपट्टा, मागे पाठीवर रुळणारी वेणी. कोणत्या थरातून आली, ते कळायला मार्ग नाही.

तिची बहीण शोभावी अशी दुसरी प्रतिमा १९३८ मध्ये इटलीत पाँपेई शहराच्या उत्खननात निघाली. ती तेरच्या प्रतिमेच्या जवळपास दुप्पट उंच आहे, दोन्ही बाजूंना छोट्या दासी आहेत, आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक जण यक्षी मानतात, आणि आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा असा अंदाज करतात. तिच्या काळाबद्दल मात्र एक गोष्ट वादापलीकडे आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि शहर राखेखाली गेले. म्हणजे ती त्याआधीच घडून, समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. हस्तिदंतावर एकही अक्षर नसते तरी हा निष्कर्ष तसाच राहिला असता. राखेच्या थराने काळाची शेवटची सीमा आखून दिली.

तिसरी प्रतिमा जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून १९७३ मध्ये तिथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते त्याचे प्रमुख होते. तिथे अशाच घडणीच्या हस्तिदंती शिल्पाचा तुकडा मिळाला, आणि तो सातवाहनकालीन वस्तीच्या थरातून मिळाला. दागिने, पायांतले जाड वाळे, शेजारच्या दासी, सगळे पाँपेईच्या बाईशी जुळणारे. पाँपेईची प्रतिमा मथुरेकडची की आणखी कुठली, असा वाद चालू असताना दख्खनचे नाव पुढे आले ते तेर आणि भोकरदनमुळे. तिन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या तर सर्वांत धड आणि सुबक नेपल्सची, सर्वांत मोडकी भोकरदनची. वादात मात्र मोडक्या तुकड्याचा शब्द जड पडतो. तेरची प्रतिमा डोळ्यांना कितीही आवडली, तरी साक्षीला उभी करताना तिच्याकडे पत्त्याचा कागद नाही. लामतुऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी उचलली नसती, तर ती नांगराखाली गेली असती.

परदेशी संस्कृतींची कला आपल्याकडे बहुधा छायाचित्रांतूनच शिकवली जाते. तरी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियाच्या राजवाड्यांतली कोरीव शिल्पे आहेत. लेयार्ड या इंग्रज उत्खननकाराने असिरियातल्या निमरूदला खणून काढलेला माल बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जाई. १८४८ मध्ये काही पेटारे मुंबईच्या धक्क्यावर उघडले गेले आणि लंडनच्या आधी मुंबईकरांनी त्यातल्या वस्तू पाहिल्या. २०२३ मध्ये याच संग्रहालयात भारत, मिसर, असिरिया, ग्रीस आणि रोम यांची शिल्पे एका दालनात मांडणारे प्रदर्शन भरले. लंडन, बर्लिन आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांनी त्यासाठी वस्तू दिल्या होत्या. पडद्यावर सारख्या उंचीची दिसणारी चित्रे इथे आपापल्या खऱ्या मापात उभी होती.

लखनौत कलेतिहास शिकण्याची आणखी एक वाट आहे, ती हातातून जाणारी. इथली शासकीय कलाशाळा १९११ ची. १९२५ मध्ये तिच्या प्रमुखपदी असितकुमार हलदार आले आणि १९४५ पर्यंत राहिले. तरुणपणी, १९०९ ते १९११ या काळात, ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर नंदलाल बोस आणि हलदार अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यांच्याही आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम कित्येक हंगाम केले होते, आणि त्यातल्या बऱ्याच नकला लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. जे. जे. ची मुले काय किंवा हलदार काय, अजिंठ्याचा पद्मपाणी त्यांनी बोटांनी शिकून घेतला. भुवईची रेघ कुठे जाड होते आणि कुठे सुटते, हे नक्कल करणाऱ्याला कळते तसे ‘ओळखा’वाल्या परीक्षार्थीला कळत नाही. इतिहासाच्या वर्गातल्या मुलांनाही आठवड्यातून एक तास पेन्सिल देऊन मूर्तीसमोर बसवावे, असे लेखकाला फार वाटते. चित्र वाईट आले तरी चालेल, पाहणे सुधारते.

लखनौच्या या सगळ्या कामाचा एक हप्ता मराठीतही आला आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. मथुरा आणि लखनौ या दोन्ही संग्रहालयांत काम केलेले डॉ. नीलकंठ पुरुषोत्तम जोशी लखनौला संचालक होते. तिथल्या ब्राह्मणी शिल्पांची त्यांनी केलेली सूची १९७२ मध्ये निघाली. मग त्यांनी ‘भारतीय मूर्तिशास्त्र’ हे पुस्तक मराठीत लिहिले, आणि ते १९७९ मध्ये नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने काढले. ग. ह. खरे यांचे ‘मूर्तिविज्ञान’ १९३९ मध्ये पुण्यात आले होते. त्यानंतर मराठी विद्यार्थ्याला हे एक भरभक्कम साधन मिळाले. अशा पुस्तकांचे बळ बारीक तपशिलात असते. उदाहरणार्थ, चतुर्भुज विष्णूच्या हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म. चार वस्तू, चार हात. अदलाबदल केली की २४ रचना होतात, आणि तेवढीच नावे संध्येच्या वेळी घेतली जातात, केशव, नारायण, माधव आणि पुढची. कोणत्या हातात काय, यावरून मूर्तीचे नाव ठरते. ग्रंथागणिक क्रम थोडा बदलतो, म्हणून मूर्ती कोणत्या प्रदेशातली आहे हे माहीत नसेल तर नावही हमखास सांगता येत नाही. इथेही पुन्हा जागेचा प्रश्न आलाच.

हा अभ्यास करायला मराठी मुलाने लखनौला किंवा नेपल्सला जाण्याची वाट पाहायला नको. प्राचीन नसली तरी वेशीवरची वीरगळ याच कामाची असते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर गावात सहा वीरगळ आहेत. त्यांपैकी काहींवर वल्ही मारणाऱ्या नावाड्यांच्या लांबच लांब नौका आणि समुद्रावरची लढाई कोरली आहे. लेख पार झिजलेले. ही लढाई कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यातली, तेराव्या शतकातली असावी, असे काही अभ्यासकांनी सुचवले. काहींना ती त्याआधीची वाटते. हा वाद मुळात होऊ शकतो तो दगड कोकणच्या किनाऱ्याजवळ, त्या गावात राहिले म्हणून. हेच दगड कोणी शंभर वर्षांपूर्वी उचलून ‘स्थळ अज्ञात’ अशा पाटीखाली मांडले असते, तर शिल्पकाराने कोरलेला समुद्र कोणता, हेही सांगता आले नसते. गावागावांत अशा शेकडो वीरगळ आहेत. कुठे देवळाच्या जीर्णोद्धारात हलवलेल्या, कुठे तेलरंग फासलेल्या, कुठे पायरीला लावलेल्या. विद्यार्थ्याने वहीत दगडाची उंची, जात आणि त्यावरचे थर तर लिहावेतच. शिवाय दगड आधी कुठे होता, कोणी हलवला, कोणत्या वर्षी, आणि हे गावातल्या कोणत्या म्हाताऱ्याने सांगितले, तेही तारीख घालून लिहावे.